विरजणाचे तीन समान भाग

जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना अप्पांनी तीन वेळा वाचली. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा पुसून, आणि एकदा कोणी बघत नाही ना हे बघून. अक्षर तेच राहिलं.

"इमारतीत जंतांचा प्रादुर्भाव आढळला आहे. सर्वांनी आरोग्य केंद्रातून जंताची गोळी आणून घ्यावी. विशेषतः तिसरा मजला."

आता तिसऱ्या मजल्यावर दारं दोनच. एक अप्पांचं आणि दुसरं, समोरचं, पीटीच्या बाईंचं. आणि सूचनेखाली सही पीटीच्या बाईंची, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीचं चिटणीसपद हाती घेतलं होतं आणि शिट्टी तेवढी सोडली होती. म्हणजे 'विशेषतः' हा शब्द कुणाच्या दारावर नेम धरून सुटला होता, हे कळायला शोधपथकाची गरज नव्हती.

अप्पा तसेच वर गेले आणि समोरची बेल दाबली.

"बाई, हे विशेषतः काय आहे?"

"गोळी घेतलीत?"

"मी विचारतोय, विशेषतः का?"

"मजल्यावर राहतो आपण दोघं. मी घेतली. उरलं कोण?"

हिशेब सरळ होता. अप्पांनी खाली पाहिलं. बाईंची चपलांची मांडणी नेहमीप्रमाणे सामाईक जागेत तीन इंच पुढे आलेली होती. गेली कित्येक वर्षं ती तीन इंच पुढे होती आणि तितकीच वर्षं अप्पा टेप लावून ते सिद्ध करत होते. आजही त्यांनी तिच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं, आणि आपल्या घरात शिरून दार लावलं. आपटलं नाही. शासकीय सेवेत तीस वर्षं काढलेला माणूस दार आपटत नाही, ठामपणे लावतो.

अप्पा अन्न निरीक्षक होते. दुधात पाणी, तेलात भलतंच तेल, तिखटात विटेची भुकटी, असल्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर पकडल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या स्वतःच्या आतड्यात, एखादा जीव विनापरवाना राहत असेल ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आणि खरं सांगायचं तर राग स्वतःपुरता नव्हता. या घरात एकतीस वर्षं जेवणाच्या शेवटी दही होतं, बायकोच्या हातचं, एकाच विरजणातून रोज पुढे चालत आलेलं. रोजच्या दह्यातला चमचाभर उद्यासाठी काढून ठेवायचा, तो कोमट दुधात घालायचा, की झालं. जंत या घराच्या वाटेला गेले नव्हते ते उगाच का?

चार महिन्यांपूर्वी ती गेली. तिने लावलेल्या कुंड्या महिन्याभरात माना टाकून बसल्या, तिचं शिवणयंत्र झाकून ठेवलं, तिने अर्धवट विणलेलं काहीतरी मुलगी बरोबर घेऊन गेली. विरजण तेवढं चालू राहिलं. दुसऱ्या गावी राहणारी मुलगी रोज संध्याकाळी सातला फोन करायची आणि 'कसे आहात' असं विचारायची नाही. "अप्पा, दही लागलं का?" असं विचारायची. अप्पा म्हणायचे, "लागलं." मग दोघं हवापाण्याचं बोलत. पण बोलणं तेवढ्यातच झालेलं असायचं.

दूध किती कोमट हवं, हे बायको बोट बुडवून ठरवायची. बोट हे काही मान्यताप्राप्त उपकरण नाही, म्हणून अप्पा तापमापक वापरत. दही जरा आंबट व्हायचं, पण नोंदवता येईल असं आंबट व्हायचं.

तर त्याच रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख आला. आतड्यातले मित्रजिवाणू म्हणे परजीवींना थोपवून धरतात. दह्यासारख्या पदार्थांत असे जिवाणू असू शकतात. संशोधन चालू आहे. अप्पांनी 'असू शकतात' आणि 'संशोधन चालू आहे' हे शब्द वगळून लेख कापून घेतला आणि फळ्यावर बाईंच्या सूचनेशेजारी लावला.

खालच्या मजल्यावरचा शिंपी कात्री हातात घेऊनच तो वाचायला आला.

"अप्पा, दह्याचं राहू द्या. झोपेत दात खाता का? ती खूण असते."

"झोपेत नाही. तुम्ही भेटलात की जागेपणी खातो."

"मग कडू काढा घ्या सात दिवस. माझ्या मेव्हण्याचे सगळे पडले."

"दात?"

"जंत हो!"

शिंपी गेला, तोवर पीटीच्या बाई खाली आल्या. लेख त्यांनी हात मागे बांधून वाचला, जशी उशिरा आलेल्या मुलाच्या बापाची चिठ्ठी वाचावी.

"यात तुमच्या दह्याचं नाव कुठंय?"

"दही म्हटलंय."

"दही म्हटलंय. तुमचं म्हटलेलं नाही. तुमच्या दह्यात काय आहे, कोणी तपासलंय?"

वार वर्मी बसला, कारण प्रश्न बरोबर होता. तीस वर्षं हाच प्रश्न अप्पांनी इतरांना विचारला होता. तपासल्याशिवाय दावा करणाऱ्या दुकानदारांना त्यांनी रडवलं होतं. त्यांनी मान ताठ केली.

"तपासून आणतो. मग ते 'विशेषतः' स्वतःच्या हाताने खोडायचं."

"खोडीन की. खडू तेवढा तुमचा."

संध्याकाळी मुलीने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अप्पा, एक गोळी तर आहे. घेऊन टाका ना."

"प्रश्न गोळीचा नाही."

"मग कशाचा आहे?"

अप्पांनी फोन कानाशी धरूनच रिकाम्या बरण्या शोधायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं. दही लागलं का?"

आता नियम असा आहे, आणि तो अप्पांना झोपेतून उठवला तरी पाठ होता: नमुन्याचे तीन समान भाग करावेत. एक प्रयोगशाळेला, एक प्रतिवादीला, एक राखीव. प्रत्येक भाग मोहोरबंद असावा. राखीव भाग वाद मिटेपर्यंत उघडू नये. दुसऱ्या कोणीही एक वाटी दही एका डब्यात घालून नेलं असतं. अप्पांनी तीन बरण्या उकळून वाळवल्या, त्यात घरातलं सगळं दही तोळामासा जुळवून भरलं, सुतळी बांधली आणि लाख वितळवली. चमचाभर उद्यासाठी काढावं, असं एकदा मनात आलं. पण मोहोरबंद न केलेला माल मागे राहिला की प्रतिवादी शंका काढतो, हे त्यांनी कोर्टात अनेकदा भोगलं होतं. तीन दिवसांचा तर प्रश्न. अहवाल आला की राखीव बरणी उघडायची आणि त्यातलं विरजण लावायचं.

शिक्का मात्र निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात जमा झालेला. अप्पांनी घर धुंडाळलं आणि शेवटी शिवणाच्या डब्यातलं, बायकोचं बोटात घालायचं अंगुस्तान लाखेवर दाबलं. बारीक बारीक ठिपक्यांचा एक गोल उमटला. बनावट करायला अवघड, असं त्यांनी समाधानाने स्वतःला सांगितलं.

दुसरा भाग घेऊन ते समोर गेले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"प्रतिवादीचा भाग. इथे सही करा."

बाईंनी बरणी उजेडात धरली. लाखेवरच्या ठिपक्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग सही केली. अप्पांना वाटलं, घाबरल्या.

प्रयोगशाळेची इमारत अप्पांच्या पायाखालची होती. पण तीस वर्षं ते तिथे मागच्या दाराने, जीपमधून, दोन शिपायांसह शिरले होते. पुढच्या बाजूला खिडक्या असतात आणि खिडक्यांपुढे रांगा असतात, हे त्यांना आज समजलं. खिडक्या तीन: पाणी, अन्न, रुग्ण.

अन्नाच्या खिडकीतली बाई बरणीकडे न बघताच म्हणाली, "भेसळीचा संशय आहे का?"

"माझ्या बायकोच्या दह्यात? भेसळ?"

"म्हणजे संशय नाही."

"अजिबात नाही. उत्तम दही आहे."

"मग तपासता येणार नाही. संशय असल्याशिवाय खासगी व्यक्तीचा नमुना घेऊ नये, असं परिपत्रक आहे."

परिपत्रक होतं. अप्पांना ते चांगलंच माहीत होतं, कारण ते त्यांच्याच शिफारशीवरून निघालं होतं. हौशी लोक लोणच्याच्या बरण्या घेऊन येतात आणि कामाचा वेळ खातात, असं त्यांनीच एका टिपणात लिहिलं होतं. ते वाक्य त्यांना त्या काळी फार आवडलं होतं.

"मी इथलाच आहे हो. अन्न निरीक्षक होतो."

"होतात ना?" ती म्हणाली. "पुढचे."

पाण्याच्या खिडकीने दही हे पाणी नसल्याचं कळवलं. उरली तिसरी. तिथल्या कारकुनाने मात्र अप्पांकडे पाहून मान तुकवली आणि विचारलं, "बोला साहेब, काय तपासायचंय?"

त्या दिवसातलं ते पहिलं 'साहेब'. अप्पांचं मन लोण्यासारखं झालं. "जिवाणू," ते म्हणाले. "आणि जंत नाहीत, असं लेखी हवंय."

"ते इथेच. इथे सगळ्यांचे तेच बघतात. द्या, मी भरतो फॉर्म. नाव? वय? किती दिवसांचं आहे?"

"कालचं."

"चालेल. या डबीत घाला, खुणेपर्यंत. उरलेलं बरणीसकट इथेच जमा करायचं, नष्ट होतं. सही इथे."

ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना 'वाचून सही करा' असं बजावलं, त्या माणसाने न वाचता सही केली. एका 'साहेब'मध्ये एवढी ताकद असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून एक खणखणीत आवाज वर आला. आरोग्यसेविका प्रत्येक मजल्यावर थांबून विचारत होती.

"पांढरं शौच कोणाला झालं? अहो, पांढऱ्या शौचाचे काका कुठे राहतात?"

शिंप्याने तिला अगदी प्रेमाने वर आणून सोडलं आणि पायरीवर उभा राहिला. तिने कागद पुढे केला. नमुना: शौच. रंग: पांढराशुभ्र. घनता: अर्धघट्ट. वास: आंबट. जंत व अंडी: आढळली नाहीत. शेरा: रंग अत्यंत असामान्य. यकृताचा विकार संभवतो. रुग्णास तातडीने गाठावे.

अप्पांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "हे दही आहे!"

"काका, असं वाटतं सुरुवातीला. माणूस मान्य करत नाही."

"मी अन्न निरीक्षक होतो! मला दही कळतं!"

"प्रयोगशाळेला नाही कळणार? घाबरायचं नाही. भूक लागते का? डोळे बघू."

डोळे बघून झाले, जीभ बघून झाली. पिण्याचं पाणी कुठे ठेवता, म्हणत ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिने फ्रीज उघडला. वरच्याच कप्प्यात, लोण्याशेजारी, बरणी होती. तिच्यावर अप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नमुना क्र. ३, राखीव. उघडू नये. खाली अप्पांचं पूर्ण नाव.

सेविकेने एक हात तोंडावर नेला. "काका! फ्रीजमध्ये? लोण्याच्या शेजारी?"

"अहो ताई, ते दही आहे! थांबा, मी चमचाभर खाऊन दाखवतो!"

ती किंचाळली. जिन्यातला शिंपी दोन पायऱ्या वर आला आणि लगेच, पुढच्यांना सांगायला, चार पायऱ्या खाली गेला.

अप्पांनी चमचा घेतला, बरणी उचलली, आणि इथे घोटाळा झाला. लाखेवर अंगुस्तानाचा गोल होता. राखीव नमुन्याची मोहोर दोन पंचांसमक्ष तोडायची असते. पंच कुठे होते? आणि वाद तर मिटलेला नव्हताच. अप्पा क्षणभर, फक्त क्षणभर, विचारात पडले. आयुष्यभराची शिस्त क्षणभरात कशी सुटावी? तेवढ्यात सेविकेने हातमोजा चढवून बरणी काढून घेतली आणि जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून गाठ मारली.

"पावती द्या," अप्पा म्हणाले.

तिने पावती दिली: शौचाचा नमुना, एक.

दुपारी ते आरोग्य केंद्रात पोहोचले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्येच त्यांना टेबलाच्या खणात काहीतरी शोधावं लागलं आणि खांदे हलले, पण वर आल्या तेव्हा चेहरा सरळ होता.

"बरणी परत मिळेल का?" अप्पांनी विचारलं.

"ती लगेच नष्ट करतात, अप्पा. नियमच आहे."

अप्पांनी मान हलवली. नियमाला त्यांनी आयुष्यात कधी विरोध केला नव्हता. मग ते म्हणाले, "पण अहवालात जंत आढळले नाहीत, असं स्वच्छ म्हटलंय."

"दह्यात आढळले नाहीत. तुमच्यात कोणी बघितलंच नाही."

"आणि तो लेख? मित्रजिवाणू?"

"लेख खोटा नाही. चांगले जिवाणू आतड्यात जागा धरून बसतात, आणि काही जातींच्या परजीवींना मग पाय रोवणं जड जातं. उंदरांमध्ये तसं दिसलंय."

"आणि माणसांमध्ये?"

"थोडंफार. अजून खात्रीने सांगावं असं नाही. शिवाय कुठल्या घरच्या दह्यात कुठले जिवाणू किती, ते कोण सांगणार? दही खा तुम्ही, चांगलंच आहे. पण गोळी घ्या. दही हे गोळीऐवजी नाही."

अप्पांनी तिथेच, त्यांच्यासमोर, गोळी घेतली. चवीला ती गोड होती. एवढ्या अपमानानंतर निदान कडू तरी असायला हवी होती.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला. "अप्पा, दही लागलं का?"

"लागलं," अप्पा म्हणाले. तीन दिवस म्हणत होते तसंच. पण कालपर्यंत तो नुसता उशीर होता. आज ते खोटं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी ओट्यावरची रिकामी वाटी बराच वेळ न्याहाळली. एकतीस वर्षं चाललेली गोष्ट त्यांच्या हातून बंद पडली होती, आणि तीही निष्काळजीपणाने नाही. निष्काळजीपणाने पडली असती तर माफी मागता आली असती. ती पडली होती नियमानुसार.

आता जगात एकच भाग शिल्लक होता. प्रतिवादीचा.

त्यांनी वाटी उचलली. दोन दारांमधलं अंतर चार पावलांचं, पण त्या चार पावलांत त्यांना तीन वेळा परतावंसं वाटलं. बाईंनी दार उघडलं, वाटीकडे पाहिलं.

"ती बरणी," अप्पा चपलांच्या मांडणीला उद्देशून म्हणाले. "वाद मी मागे घेतो. गोळीही घेतली. तेवढी बरणी परत हवी होती."

"ती होय? ती मी त्याच दिवशी संपवली."

"संपवली? मोहोरबंद नमुना?"

"दही होतं, अप्पा. मला वाटलं, समेटाचं पाठवलंत. जरा आंबट होतं. दूध फार तापवता तुम्ही." मग त्यांचं लक्ष अप्पांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि आवाजातली शिट्टी खाली आली. "आत या. बसा. वाटी इकडे द्या, माझ्यातलं देते."

"नको. ते तिचं नाही."

"कुणाचं मग?"

"तुमचं. तिचं विरजण एकतीस वर्षांचं होतं. एकदाही खंड न पडलेलं."

बाई वाटी हातात धरून उभ्या राहिल्या. सांगावं की न सांगावं, असं काहीतरी त्यांच्या तोंडावरून गेलं.

"एकदाही?" त्या म्हणाल्या. "अप्पा, तुमच्या घरचं विरजण किती वेळा मेलंय, मोजायला माझी बोटं पुरायची नाहीत. तुम्ही एकदा मदत म्हणून भांडं घासून ठेवलंत, तेव्हा मेलं. उन्हाळ्यात तुम्ही फ्रीज साफ करायचा म्हणून दोन दिवस बंद ठेवलात, तेव्हा नासलं. तळाचा चमचाभर तर तुम्ही किती वेळा उभ्या उभ्या साखर घालून खाल्लात, देव जाणे. दर वेळी ती वाटी घेऊन इथे. म्हणायची, 'बाई, ह्यांना सांगू नका. चौकशी लावतील.'"

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"चौकशी लावतील?"

"लावली नसतीत?"

अप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. लावली असती. जबाबही घेतले असते.

"आणि माझं बिघडलं की मी तिच्याकडे. आता त्यात तिचं कुठलं आणि माझं कुठलं, हे तुमच्या प्रयोगशाळेलाही सापडायचं नाही. तुम्ही घरात असलात की हाक मारायची पंचाईत. मग वाटी मांडणीवर ठेवून जायची, वर वर्तमानपत्र. मांडणी म्हणून तर पुढे ओढली. तिनेच सांगितलं होतं, 'तीन इंच पुढे घ्या, वाटी नीट राहील.'"

अप्पा हळूच मागे वळले आणि त्यांनी त्या तीन इंचांकडे पाहिलं. किती वेळा मोजले होते ते! टेपचं एक टोक तिच्याच हातात द्यायचे ते. "नीट धर," म्हणायचे. आणि ती नीट धरायची, चेहऱ्याची रेघ न हलवता, आणि वर विचारायची, "किती भरले हो?"

बाईंनी वाटीत चमचाभर दही घातलं. मग आतून काहीतरी आणून वाटीशेजारी अप्पांच्या तळहातावर ठेवलं. लाखेचा गोल तुकडा, ठिपक्यांचा, अख्खा.

"सुतळी कापली," त्या म्हणाल्या. "हे नाही मोडवलं."

अप्पा घरी आले. दूध तापवलं, निवत ठेवलं. तापमापक खणातच राहिला. त्यांनी दुधात बोट बुडवलं, चटका बसला, थांबले, पुन्हा बुडवलं. या वेळी बोटाला सोसलं. विरजण घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं. आणि मग, चार महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांचा असा काही संताप झाला की त्यांनी ओट्यावर मूठ आपटली.

"एकतीस वर्षं! माझ्या नाकासमोर! अन्न निरीक्षकाच्या घरात बाहेरचा माल येतो आणि निरीक्षकाला पत्ता नाही! टेप धरून उभी राहायचीस! लाज नाही वाटली? आणि चौकशी लावतील म्हणजे काय? मी काय राक्षस होतो? एक शब्द बोलली असतीस..."

फोन वाजला. मुलीने आज दुसऱ्यांदा केला होता. मघाचं 'लागलं' तिला पटलेलं नसावं.

"अप्पा, खरं सांगा. दही लागलं का?"

"आत्ता लावलंय. सकाळी लागेल."

"बरं... आवाज कसला येतोय? कोणाशी बोलताय?"

"तुझ्या आईशी," अप्पा गरजले. "मध्ये बोलू नकोस, मला भांडण पुरं करू दे."